आगीत गेलेल्या फायरमनची आठवण कशी ठेवायची?

संध्या_लिहितेय:
नमस्कार मंडळी. आमच्या भागातला एक फायरमन गेल्या वर्षी आगीत गेला. दोघांना बाहेर काढलं होतं त्याने, मग कुणीतरी ओरडलं की आत अजून एक जण आहे म्हणून परत गेला आणि जिनाच खाली आला. पुढच्या महिन्यात पहिला स्मृतिदिन आहे, आम्ही पाच-सहा जण काहीतरी करायचं म्हणतोय पण चर्चा फ्लेक्स, मेणबत्त्या आणि भाषणं यापुढे सरकतच नाहीये. फोटोला हार घातला आणि घरी गेलो असं नको वाटतं. आणि त्याच्या घरच्यांना बोलवावं का, की उगाच त्रास होईल त्यांना?

बंबवाल्याची_लेक:
ताई, आधी त्याच्या घरी जा, बाकी सगळं नंतर. माझे बाबा फायरब्रिगेडमधून रिटायर होऊन धडधाकट घरी आले, त्यांच्या पाळीतले दोघं नाही आले. त्यातल्या एकाची बायको आईला सांगायची की महिनाभरानंतर लोकांनी तिच्यासमोर त्याचं नाव घेणंच बंद केलं, ती दिसली की विषय बदलायचे, आणि तिला तर त्याच्याबद्दलच बोलायचं असायचं. त्यामुळे त्रास होईल म्हणून बोलवायचंच नाही असं करू नका, विचारा, त्या नाही म्हणाल्या तर प्रश्नच नाही.
दुसरं म्हणजे फक्त साहेब लोकांना बोलवू नका, त्याच्या पाळीला बोलवा. धुरात स्वतःचा हात दिसत नाही, बाबा सांगायचे एक हात भिंतीला, एक हात पुढच्याच्या पाठीवर, गुडघ्यांवर सरकत जायचं. म्हातारपणीसुद्धा झोपेत उजवा हात असा पुढे करायचे. तो गेला त्या रात्री त्याच्या मागे कोण होतं ते शोधा, त्या माणसाशी वर्षभरात कुणी बोललंय का बघा.

जुना_वाचक:
आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो तो का, हे कार्यक्रमात जरूर सांगा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं, त्यात कापसाच्या गाठी आणि शेकडो टन दारूगोळा. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवानांनी नळ्या लावून जहाजाच्या पोटात पाणी ओतायला घेतलं पण आग नेमकी कुठे लागलीये तेच सापडेना. जहाजाचा पत्रा बाहेरून तापायला लागला तरी ते नळ्या सोडून हटले नाहीत. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. मला नेहमी वाटतं की हा ६६ आकडा म्हणून सांगू नये, त्या दुपारी ते तासन्‌तास काय करत होते ते सांगावं, तर ऐकणाऱ्याला कळतं. तुमच्या फायरमनचंही तसंच करा, ‘शौर्य गाजवलं’ वगैरे नको, ती रात्र सांगा.

मनोज_के:
अमेरिकेत घंटा वाजवतात. पूर्वी तारेवरून ठाण्यांना ठोक्यांचे संकेत जायचे, जवान गेला की त्याचा वेगळा संकेत, म्हणून अजूनही पाच-पाच ठोके देतात. घंटा मिळाली तर करा, भाषणापेक्षा ते जास्त पोचतं.
एक सांगावंसं वाटतं, नावं वाचणार असाल तर आजाराने गेलेल्यांनाही धरा. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ ला जुळे मनोरे कोसळले त्यात अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले आणि त्या ढिगाऱ्याच्या धुळीने पुढे आजारी पडून जे गेले त्यांचा आकडाही २०२३ मध्ये ३४३ वर पोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये आग विझवण्याचं कामच कॅन्सरला कारण ठरतं असं जाहीर केलं. नोकरी संपल्यावर दहा वर्षांनी खोकत गेलेल्या माणसाला कुणी हुतात्मा म्हणत नाही, ते मला फार लागतं.

वैशाली०७:
मेणबत्त्यांना एवढं नाकारू नका हो, लहान मुलांना हातात काहीतरी लागतं. फक्त त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून आपापल्या बिल्डिंगचा जिना मोकळा करा, कपाटं, सायकली, चपलांचे रॅक सगळं काढा आणि बंब आत येतो त्या वाटेवरच्या गाड्याही हलवा. पुढची वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली तर त्याच्याच पाळीतली पोरं त्या जिन्याने वर जाणार आहेत.

संध्या_लिहितेय:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याच्या घरी जाऊन आले, फार धाकधूक होत होती पण आई दोन तास बोलल्या. कपाटातून एक वही काढून दाखवली, तो प्रत्येक वर्दी लिहून ठेवायचा, तारीख, जागा, किती जणांना बाहेर काढलं, एका ठिकाणी नुसतं ‘मांजर, जिवंत’ एवढंच लिहिलंय. आता भाषणं रद्द, ती वही वाचायची ठरलंय, पाळीतले सगळे येणार आहेत, जिन्याचं कामही रविवारी करतोय. शेवटच्या वर्दीची नोंद वहीत नाहीये, ती त्याच्या मागे जो होता त्याने सगळ्यांसमोर लिहावी असं आईंनी सांगितलंय. तो हो म्हणालाय.