निर्वासित, शरणार्थी की विस्थापित? पाचवीच्या मुलांसाठी शब्द हवेत

भित्तिपत्रक

२० जूनला जागतिक निर्वासित दिन असतो. आमची शाळा त्याच सुमारास सुरू होते, म्हणून वर्षाचं पहिलं भित्तिपत्रक त्यावर करायचं ठरलंय. मजकूर माझ्याकडे आहे आणि वाचणारी मुलं पाचवी-सहावीची. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था या लोकांसाठी नेमकं काय करतात, एवढंच सांगायचंय.

कच्चा मजकूर गल्लीतल्या पोरांना वाचून दाखवला आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले. ‘निर्वासित’ म्हटल्यावर एकाने विचारलं, “म्हणजे धरणात गाव गेलेले ना?” ‘शरणार्थी’ केलं, तर एक मुलगी म्हणाली, “ते लढाईत हरले का?” ‘छावणी’ म्हटल्यावर तर सगळ्यांना गुरांची चारा छावणीच आठवली. आमचा भाग माणदेशातला, दुसरं काय आठवणार!

तर निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, आश्रित, स्थलांतरित यांत फरक काय, आणि मुलांसाठी कुठला घ्यावा?

जुना कोश

निर्वासित : मूळ धातू ‘वस्’, म्हणजे राहणे. ‘निर्’ लागून प्रयोजक रूप झालं की अर्थ होतो राहत्या जागेतून बाहेर घालवणे. रूप कर्मणी आहे, म्हणजे कोणीतरी घालवलंय हे शब्दातच आलं.

शरणार्थी : संस्कृतात ‘शरण’चा अर्थ आसरा, रक्षण, अगदी घरसुद्धा. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, जसा विद्या इच्छिणारा तो विद्यार्थी. हे सांगितलं की मुलांना चटकन कळतं. पण रोजच्या मराठीत ‘शरण जाणे’ म्हणजे हार मानणे, त्यामुळे त्या मुलीचा प्रश्न रास्त आहे. हिंदीत हाच शब्द चालतो आणि आता आपल्या बातम्यांतही दिसतो.

आश्रित टाळावा. त्यात दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा अशी छटा आहे. स्थलांतरित आपल्याकडे ऊसतोड कामगारांनाही म्हणतात आणि उजनीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांनाही. त्यात जबरदस्ती नाही.

‘परागंदा’ राहिला. फारसी शब्द, मूळ अर्थ विखुरलेला. मला तो फार आवडतो, पण पाचवीच्या मुलांना नको.

सनद

व्युत्पत्ती ठीक आहे, पण संस्था काय करतात हे सांगायचं तर कायद्यातला अर्थ धरावा लागेल. त्यांचं सगळं काम त्यावर उभं आहे.

१९५१ च्या जिनिव्हातल्या करारात व्याख्या आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत, या पाचांपैकी कशामुळे तरी आपला छळ होईल अशी रास्त भीती वाटते, म्हणून जो आपल्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचं संरक्षण घेऊ शकत नाही किंवा भीतीपोटी घेऊ इच्छित नाही, तो निर्वासित. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. ती अट १९६७ मध्ये गेली.

मुलांना यातल्या दोनच गोष्टी सांगा : भीती आणि सीमा. धरणात गाव गेलेल्यांचं दुःख खरं असतं, पण ते देशातच असतात आणि त्यांचं पुनर्वसन हे त्यांच्या सरकारचं काम असतं. ते विस्थापित. युद्धामुळे घर सोडलं पण सीमा ओलांडली नाही, तेही विस्थापितच, आणि त्यांचीच संख्या जास्त आहे. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक लोक जबरदस्तीने घराबाहेर पडलेले होते, त्यांतले निम्म्याहून जास्त आपापल्या देशातच.

आणखी एक पायरी असते. सीमा ओलांडून ‘मला आसरा द्या’ असा अर्ज केला, पण निर्णय व्हायचाय, तो आश्रयार्थी. तुमच्या यादीत हा शब्द नव्हता, तो घ्या.

उल्हासकाठ

‘सनद’ यांच्या व्याख्येने आमची पंचाईत होते! आजोबा सिंधहून आले ते कल्याण कॅम्पात. पुढे त्याचं उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना आजही आम्ही ‘कॅम्प चार’ असंच म्हणतो. मराठी माणसाच्या तोंडी ‘निर्वासित’ हा शब्द आमच्या लोकांमुळेच बसला असावा असं मला वाटतं. आजोबांना तो आवडत नसे, ‘शरणार्थी’ही नाही. पंजाबकडचे लोक त्या काळी स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेत, म्हणजे आम्ही हात पसरणारे नाही, कष्ट करून उभे राहणारे. हे मुलांना जरूर सांगा. नाव देणारा आणि नाव घेणारा यांना एकच शब्द पसंत पडतो असं नाही.

तर फाळणीचे लोक करारात बसतात का?

सनद

नाही बसत. सीमा ओलांडली, भीतीही खरी होती, पण इथे आल्यावर तुमचे आजोबा भारताचे नागरिक झाले. पाठीशी देश होता. म्हणून ते काम भारत सरकारच्या पुनर्वसन खात्याने केलं, जिनिव्हाने नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची आजची संस्था तेव्हा नव्हतीच. १४ डिसेंबर १९५० ला आमसभेने ती स्थापली, तीही तीन वर्षांपुरती. तेवढ्यात काम संपेल असं वाटलं होतं. दर वेळी मुदतवाढ देता देता २००३ मध्ये मुदतीची अटच काढून टाकली.

भित्तिपत्रक

त्या संस्थेचं नाव मराठीत कसं लिहू? ‘संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्त’ असं दिसतं. मुलं विचारणार, ही संस्था आहे की माणूस?

जुना कोश

दोन्ही! नाव पदाचं आहे आणि त्या पदाच्या कार्यालयालाही तेच चिकटलं. त्यात ‘उच्चायुक्त’ आपल्याकडे दुसऱ्याच अर्थाने रुळलाय, लंडनमधला आपला राजदूत तो उच्चायुक्त. मुलांसाठी ‘निर्वासितांची काळजी वाहणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था’ म्हणा आणि एकदा कंसात ‘यूएनएचसीआर’ लिहा. बातमीत त्यांना तेच ऐकू येणार.

पदाचा उगम मात्र सांगण्यासारखा आहे. राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, १९२१ मध्ये पहिले उच्चायुक्त नेमले ते फ्रित्यॉफ नान्सेन, नॉर्वेचे ध्रुवप्रदेशातले धाडसी प्रवासी. रशियातून परागंदा झालेल्या लाखो लोकांकडे कुठल्याच देशाचा कागद नव्हता. नान्सेननी त्यांच्यासाठी एक ओळखपत्र काढलं, तेच ‘नान्सेन पासपोर्ट’. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शागाल यांच्याकडेही तो होता. भाकरीआधी कागद लागतो हे त्या माणसाला कळलं होतं.

सनद

अगदी, आणि म्हणूनच आजही पहिलं काम नोंदणीचं. मदत म्हटली की मुलांच्या डोळ्यापुढे धान्याची पोती येतात. ती असतातच, पण नोंद नसेल तर धान्य कोणाला, किती, हे ठरणार कसं?

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले, त्यांत मुलांचं प्रमाण मोठं. बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर यांनी मिळून घराघरातल्या माणसांची नोंद केली आणि कार्डं दिली. धान्य जागतिक अन्न कार्यक्रमाचं. शिकण्याची केंद्रं, लसी, पाणी यांत युनिसेफ पुढे. जागांची व्यवस्था काही छावण्यांत यूएनएचसीआर बघते, काहींत आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना. बहुतेक घरं बांबू आणि ताडपत्रीची. सुरुवातीला सरपणासाठी आसपासचं जंगल तुटायला लागलं, म्हणून घरोघरी गॅसचे सिलिंडर द्यावे लागले.

मुलांना आवडेल असं सांगतो. तिथलीच कुतुपालोंगची छावणी हत्तींच्या जुन्या वाटेवर बसली होती. रात्री हत्ती यायचे, माणसं दगावली. मग छावणीतल्याच लोकांची पथकं तयार केली, बांबूचे मनोरे उभारले, आणि हत्ती आला की त्याला न चिडवता परत वळवायचं कसं याचं शिक्षण दिलं. निर्वासितांना मदत करताना असलंही काम करावं लागतं, हे कोणाच्या स्वप्नात येईल?

वाट चुकलेल्या, एकट्या आलेल्या मुलांचं काम वेगळं. त्यांची नावं, गाव, आईवडिलांच्या खुणा लिहून घेतात आणि नातेवाइकांचा शोध घेतात. त्यात रेड क्रॉसचा अनुभव सर्वांत जुना.

आणि शब्दाचं म्हणाल तर बांगलादेश सरकार रोहिंग्यांना अधिकृतपणे ‘निर्वासित’ म्हणत नाही. त्यांच्या कागदांवर ‘बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ असं असतं. तो देश १९५१ च्या करारात नाही. भारतही नाही.

उल्हासकाठ

भारत नाही? मग तिबेटी लोक? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे, मी पाहिलीय.

सनद

करारावर सही नाही म्हणजे आसरा नाही, असं नव्हे. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची व्यवस्था भारत सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तानातून, म्यानमारमधून आलेल्या बऱ्याच जणांची नोंद यूएनएचसीआरचं दिल्लीतलं कार्यालय करतं. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून जवळजवळ १ कोटी लोक आले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मदतीची सूत्रं यूएनएचसीआरकडेच होती. त्या काळात पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. घरात जुनी पत्रं असतील तर मुलांना शोधायला सांगा.

पंचगंगा

कोल्हापूरचा म्हणून मध्ये बोलतो. वळिवड्याचा उल्लेख हवाच. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सायबेरियाकडे हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. त्यांतले सुमारे ५,००० जण, मुख्यतः बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या कॅम्पात राहिले. शाळा, दवाखाना, चर्च, सगळं तिथे होतं. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. एकाच जागेवर दोन वेळा ‘निर्वासित’, आणि वर सांगितलेल्या हिशेबाने दोन वेगळे अर्थ. पोलिश मंडळींपैकी बरेच जण पुढे मायदेशी गेलेच नाहीत, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

भित्तिपत्रक

हे घेते! आता सगळ्यात अवघड वाक्य. करारातला मुख्य नियम आहे की निर्वासिताला जिथे धोका आहे तिथे परत पाठवायचं नाही. एका ठिकाणी ‘अपरतपाठवणीचे तत्त्व’ असं भाषांतर वाचलं. मुलं काय, मीच दचकले.

जुना कोश

पाठवणी! मुलांना लग्नातली नवरीच दिसणार. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मागे लोटणे. क्रियापदच वापरा : ‘धोका असलेल्या देशात माघारी लोटायचं नाही’. सरळ मराठीत ‘पिटाळून लावायचं नाही’. तत्त्वाला नाम हवंच, हा हट्ट सरकारी भाषांतरकारांना सोडू द्या.

सनद

‘माघारी लोटणे’ छान. फक्त एक लक्षात ठेवा. हा नियम पाळायचा असतो तो देशाने. यूएनएचसीआरकडे ना सैन्य, ना पोलीस, ना स्वतःची जमीन. ती बोलते, समजावते, वकील देते, सीमेवर माणसं ठेवते. तिचा बहुतेक पैसाही सरकारांनी आणि लोकांनी स्वेच्छेने दिलेला असतो. दरवर्षी कमी पडतो, आणि कमी पडला की शिधा कापला जातो. हे मुलांपासून लपवू नका.

भित्तिपत्रक

मजकूर असा केलाय, बघा :

‘समजा, एखाद्या देशात काही लोकांना त्यांच्या धर्मामुळे, वंशामुळे किंवा मतांमुळे मारहाण होते, तुरुंगात टाकलं जातं. जीव वाचवायला ते शेजारच्या देशात पळून जातात. त्यांना निर्वासित म्हणतात. त्यांच्याकडे घर नसतं, बऱ्याचदा कागदही नसतात. शेजारच्या देशाने त्यांना माघारी लोटायचं नाही, असा नियम पुष्कळ देशांनी १९५१ पासून मान्य केला आहे. यूएनएचसीआर ही संस्था त्यांची नावं लिहून घेते, ओळखपत्र देते, राहायला जागा मिळवून देते. दुसऱ्या संस्था अन्न देतात, मुलांसाठी वर्ग चालवतात, हरवलेले आईबाबा शोधतात. पुढे तीन वाटा असतात. भीती संपली तर आपल्या देशात परत जायचं, आहे तिथेच कायमचं राहायचं, किंवा तिसऱ्या एखाद्या देशाने बोलावलं तर तिकडे जायचं. काहींना यांतली एकही वाट वर्षानुवर्षं मिळत नाही.’

छावणीबद्दल काही लिहिलं नाही. कॅम्प म्हणू?

उल्हासकाठ

‘कॅम्प’च म्हणा, तो आमच्याकडून मराठीत आलेला घ्या. पण बहुतेक निर्वासित कॅम्पात राहतच नाहीत ना? शहरात भाड्याच्या खोलीत राहतात, असं वाचलंय.

सनद

बरोबर. निम्म्याहून बरेच जास्त कॅम्पाबाहेर असतात. आणि खेळाडूंबद्दल एक ओळ घाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा निर्वासितांचा संघ उतरला, १० जणांचा. त्यातली पोहणारी युसरा मार्दिनी सीरियाची. समुद्रात नावेचं इंजिन बंद पडल्यावर तिने आणि तिच्या बहिणीने पाण्यात उतरून ती नाव किनाऱ्याकडे नेली होती. २०२४ मध्ये पॅरिसला सिंडी एन्गाम्बाने बॉक्सिंगमध्ये या संघाचं पहिलं पदक मिळवलं, कांस्य.

पंचगंगा

मजकुरात एक बदल सुचवतो. ‘राहायला जागा मिळवून देते’ ऐवजी ‘जागा मिळावी म्हणून त्या देशाच्या सरकारबरोबर काम करते’. वळिवड्यालाही जागा कोल्हापूर संस्थानातली होती.

भित्तिपत्रक

केला बदल. शीर्षक ‘निर्वासित’च ठेवते, शेजारी चौकटीत विस्थापित आणि आश्रयार्थी. आता ज्यांना कुठलाच देश आपलं नागरिक मानत नाही, त्यांच्यासाठी शब्द सांगा. ‘राष्ट्रहीन’ कानाला शिवीसारखा लागतो.

जुना कोश

‘बिनदेशी’ कसा वाटतो?