सिम८००एल (सिमकार्डवर कॉल-एसएमएस करणारं मॉड्यूल) दोन दिवसातच बॅटरी संपवायलंय, झोपवायचं कसं?

शेततळं_अंबाजोगाई:
नमस्कार मंडळी. शेततळ्यात पाणी किती उरलं ते घरी बसून कळावं म्हणून ऊनो (अर्डुइनोचा कंट्रोलर बोर्ड) आणि सिम८००एल बसवलंय, मिस्ड कॉल दिला की एसएमएस येतो. शेतात लाईनचा भरवसा नाही म्हणून २६०० एमएएचचे दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये लावले अन् एलएम२५९६ ने (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) मॉड्यूलला ४ व्होल्ट दिले, पण पावणेदोन दिवसात सगळं बंद. मॉड्यूलचा लाईट तर तीन सेकंदाला एकदाच लुकलुकतो म्हणजे नेटवर्क धरून निवांत बसलंय, मग करंट जायलाय कुठं? गरजेपुरतं चालू करून बाकी वेळ बंदच ठेवू का?

लातूर_सर्किट:
भाऊ, आधी ऊनोकडं बघा. तो एकटाच ४५-५० मिलिअँपियर खातो, एलएम२५९६ स्वतःचे ५ तरी घेतो, वरून मॉड्यूल, म्हणजे साठच्या वर गेलं. सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतो, एमएएच २६०० च राहतात. भागा साठनं, ४३ तास!
बंद केलं तर ६० मायक्रोअँपियरवर येतं खरं, पण मग तुमचा मिस्ड कॉल त्याला कळणारच नाही. तुम्हाला स्लीप पाहिजे. एटी+सीएससीएलके=१ (स्लीप चालू करायची कमांड) द्या आणि मॉड्यूलची डीटीआर पिन हाय करा, साधारण १ मिलिअँपियरवर येतं, सिरीयल (कमांड द्यायची वाट) बंद पडतो पण टॉवरकडं कान असतो. कॉल आला की आरआय पिन लो होती, ती कंट्रोलरच्या इंटरप्टला (झोपेतून उठवणारी पिन) जोडा, तो उठून डीटीआर लो करील, ५० मिलिसेकंद थांबा अन् मगच कमांड द्या. मी थांबत नव्हतो, दोन रात्री त्यातच गेल्या. ऊनो काढून ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (कमी करंट खाणारा छोटा अर्डुइनो) घ्या, सेल पॅरलल करून मॉड्यूलला थेट द्या, त्याला ३.४ ते ४.४ चालतं.

नांदेडचा_वायरमन:
रेंज किती हाय दादा तिथं? एटी+सीएसक्यू (रेंजचा आकडा सांगणारी कमांड) टाकून बघा. रेंज कमी असली की ९०० बँडवर हे २ वॅटपर्यंत जोर लावतं, अन् नेटवर्क सुटलं तर शोधतच बसतं, मग स्लीप नावालाच. बोलताना २ अँपियरचे झटके घेतं, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी पिनांजवळ लावा.
आणि मिस्ड कॉलचा हट्ट सोडला तर बंद ठेवणंच परवडतं बरं का. स्लीपमध्ये दिवसाला २५-३० एमएएच जातात. सकाळ-संध्याकाळ चालू करून एसएमएस पाठवला, एका वेळेला मिनिटभर १०० मिलिअँपियर धरले, तरी दिवसाला ५ च्या आत बसतं.

शेततळं_अंबाजोगाई:
मिस्ड कॉल ठेवायचाच आहे, कारण आमचे वडील दिवसातून चारदा विचारतात पाणी किती राहिलं म्हणून. सीएसक्यू ७ होता, अँटेना बांबूवर चढवला तर १५ आला! प्रो मिनी बसवला, त्याचा एलईडी अन् रेग्युलेटर काढला, सेल पॅरलल केले. आता मीटर ३.५ मिलिअँपियर दाखवायलंय, त्यातले २ पाण्याच्या सेन्सरचेच हायत. त्याला उद्या मॉस्फेट (स्विचसारखं चालू-बंद करणारा भाग) लावतो अन् आकडा इथं टाकतो.