शब्दचर्चा: प्रोसेसरचं तापमान ‘अचूक’ बघायचं, म्हणजे नक्की काय बघायचं?

वडगाव, बेळगाव (मूळ प्रश्न)

घरच्या संगणकाचा प्रोसेसर किती तापतो हे कसं बघायचं आणि दिसलेला आकडा कितपत खरा मानायचा, यावर मराठीत एक छोटं टिपण लिहितोय. आमच्या भागात मागांची घरं पुष्कळ. सुताचे बारीक तंतू उडतात आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसतात, मग पंखा ओरडायला लागतो. म्हणून हे टिपण खरोखर वापरलं जाणार आहे.

अडचण शब्दांची आहे. एकाच घरात आई मराठी शाळेत शिकलेली, मुलगी कन्नड माध्यमात, आणि दुकानदार म्हणतो ‘हीट पकडतंय’. मी ‘उष्णता’ लिहू, ‘तापमान’ लिहू की सरळ ‘टेंपरेचर’? ‘अ‍ॅक्युरेट’ला ‘अचूक’ पुरेल का? आणि ‘मॉनिटरिंग’चं काय करायचं? सरकारी कागदातला ‘संनियंत्रण’ मला टिपणात नको आहे.

निपाणी

‘उष्णता’ आणि ‘तापमान’ यांची अदलाबदल करू नका. तुमच्या टिपणात हा फरक सगळ्यात उपयोगी पडेल.

समजा प्रोसेसर एखाद्या कामाला ६५ वॅट वीज घेतोय. ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. कूलर साफ असला तरी ६५ वॅटच, तंतूंनी बुजला असला तरी ६५ वॅटच. बुजलेल्या कूलरमध्ये उष्णता वाढत नाही, ती बाहेर जायची थांबते, म्हणून तापमान चढतं. ‘उष्णता वाढली’ असं लिहिलंत तर वाचणारा प्रोसेसरमध्ये बिघाड शोधत बसेल. ‘उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तापमान वाढलं’ असं लिहिलंत तर तो थेट कूलर उघडेल.

जुन्या वर्तमानपत्रांत ‘उष्णतामान’ असायचं. अर्थ बरोबर आहे, पण आता मागे पडलाय. ‘पारा चढला’ मात्र टाळा. चिपमध्ये पारा नाही, सिलिकॉनचा डायोड असतो. तापमान एका अंशाने वाढलं की त्याच्यावरचं व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं, आणि त्या उतरण्यावरून तापमान काढतात.

चिक्कोडी (कन्नड माध्यमात विज्ञान शिकवते)

मुलीचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. कन्नड पुस्तकांत तापमानाला ‘तापमान’ आहे, तसाच ‘उष्णांश’ही आहे. आमच्याकडची मराठी घरातली मुलं ‘आजचा उष्णांश किती?’ असं सहज विचारतात. मराठी पुस्तकांत याच्याजवळ ऐकू येणारा शब्द ‘उष्मांक’, आणि त्याचा अर्थ कॅलरी. म्हणजे आईला वाटतं पोरगी जेवणाबद्दल बोलतेय, आणि पोरगी बोलतेय हवेबद्दल.

‘तापमान’ दोन्ही भाषांत एकाच अर्थाने चालतं. सीमाभागातल्या टिपणाला त्याच्याइतका सोयीचा शब्द दुसरा नाही. ‘उष्णांश’ लिहू नका, आणि ‘उष्मांक’ तर मुळीच नको.

शहापूर, बेळगाव (संगणक दुरुस्ती)

तापमानाचं ठरलं, पण कशाचं तापमान? माझ्या दुकानात खरा गोंधळ तिथे होतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “सीपीयू लई तापायलंय ओ, हात लावून बघा की.” हात लावतात तो पत्र्याच्या डब्याला. आपल्याकडे सीपीयू म्हणजे टेबलाखालचा अख्खा डबा, हा अर्थ इतका मुरलाय की तो चूक म्हणून काढून टाकता येणार नाही. म्हणून टिपणात ‘सीपीयूचं तापमान’ हा शब्दप्रयोगच ठेवू नका. चिपला ‘प्रोसेसर’ म्हणा, डब्याला ‘डबा’ किंवा ‘कॅबिनेट’ म्हणा. डबा कोमट आणि प्रोसेसर ९५ अंशांवर, हे रोज बघायला मिळतं.

आणि प्रोसेसर म्हटलं तरी जागा एक नाही. ताप काखेत बघितला आणि जिभेखाली बघितला तर आकडा वेगळा येतो, तसंच आहे हे. प्रत्येक कोअरपाशी (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) चिपच्या आतच संवेदक, म्हणजे सेन्सर, असतो. पूर्ण प्रोसेसरचा म्हणून ‘पॅकेज’ असा एक आकडा असतो. त्याशिवाय मदरबोर्डवरची, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरची, वेगळी चिप सॉकेटजवळचं (प्रोसेसर बसवायच्या खाचेजवळचं) तापमान सांगते, ते बऱ्याचदा कोअरपेक्षा कमी आणि उशिरा हलणारं. एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला की हे सगळे आकडे एकाखाली एक दिसतात आणि माणूस मनाला बरा वाटेल तो धरतो. मदरबोर्डच्या यादीत कधी १२७ अंश किंवा उणे १२८ अंश असलं काही दिसतं. तिथे संवेदक जोडलेलाच नसतो, नुसती रिकामी जागा वाचली जाते. एक बाई तो १२७ बघून मशीन बंद करून, वायरी काढून रिक्षातून घेऊन आल्या होत्या. मशीन ठणठणीत होतं.

म्हणून प्रत्येक वेळी जागेचं नाव लिहा: ‘कोअरचं तापमान’, ‘पॅकेजचं तापमान’, ‘सॉकेटजवळचं तापमान’. नुसतं ‘तापमान’ कुठेही नको.

खानापूर (लिनक्सवाला)

मला ‘अचूक’ या शब्दावर थांबायचं आहे. पडद्यावर ४७.० दिसलं की आपण त्याला अचूक म्हणून मोकळे होतो. लिनक्समध्ये (विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली) तर तापमानाच्या फाइलमधला आकडा ४७००० असतो, कारण तो अंशाच्या हजाराव्या भागात लिहायची पद्धत आहे. म्हणून काही तो हजाराव्या भागापर्यंत खरा होत नाही. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या कोअरमधला संवेदक एक-एक अंशाच्या पायरीनेच मोजतो.

इथे मराठीत दोन वेगळे शब्द हवेत. आकडा किती बारीक दाखवला ती ‘बारकाई’. आकडा खऱ्याच्या किती जवळ ती ‘अचूकता’. बारकाई भरपूर आणि अचूकता थोडी, असं सहज होतं.

त्यातही एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. इंटेलचा संवेदक मुळात तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच तो सांगतो. ती मर्यादा बऱ्याच प्रोसेसरना १०० अंश सेल्सिअस असते, पण सगळ्यांना नाही. प्रोग्राम मर्यादेतून ते अंतर वजा करतो आणि आपल्याला तापमान दाखवतो. संवेदकाची जुळणी मर्यादेच्या जवळ चांगली असते, खूप खाली गेलं की ढिली पडते. म्हणजे ९२ वर भरवसा ठेवा, पण मशीन नुसतं सुरू असताना दिसणाऱ्या २९ आणि ३३ यांची तुलना करत बसू नका. प्रोग्रामने मर्यादाच चुकीची धरली तर सगळे आकडे तेवढ्याने सरकतात.

म्हणून माझा आग्रह ‘मर्यादेपासूनचं अंतर’ या शब्दांचा आहे. ‘तापमान ८२’ यापेक्षा ‘मर्यादेला १८ अंश बाकी’ हे जास्त खरं आहे, कारण मूळ मोजणी तीच आहे.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचं निराळं. २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये ‘टी-कंट्रोल’ नावाचा आकडा मुद्दाम २० अंशांनी वर ठेवलेला होता, पंख्याच्या वेगाचं गणित सगळ्या मॉडेलांना एकसारखं बसावं म्हणून. २७००एक्सला तो १० अंशांनी वर. चिपचं खरं तापमान ‘टी-डाय’. ज्याला हे ठाऊक नाही तो ५० च्या ठिकाणी ७० वाचतो आणि प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नव्याने लावायला जातो. ‘टी-कंट्रोल’ला मी ‘पंख्यासाठीचा आकडा’ म्हणेन. तापमान हा शब्द त्याला देऊच नये.

आणि विंडोजमध्ये कोणता प्रोग्राम किती काम करतोय हे दाखवणारा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. मग काही जण कुठूनतरी मिळालेली आज्ञा (कमांड) चालवतात आणि कायम २७.८ बघून खूश होतात. ती मदरबोर्डने सांगितलेल्या ‘थर्मल झोन’ची नोंद. अनेक मशीनांत ती हलतच नाही. बारा वाजता २७.८, व्हिडिओ एडिटिंग चालू असताना २७.८. जो आकडा काम दिल्यावर हलत नाही, त्याला तापमान म्हणू नये.

निपाणी

‘बारकाई’ आवडला. पाठ्यपुस्तकी ‘परिशुद्धता’पेक्षा तो घरात लवकर कळेल.

अथणी

तुम्ही सगळे बेळगाव-खानापूरच्या हवेत बसून आकडे बोलताय. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीतच इतकं तापलेलं असतं की खानापूरच्या पावसाळ्यातला आकडा आम्हाला लावता येत नाही. काम तेच, पंख्याचा वेग तोच असेल तर खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. दोन गावांतल्या माणसांनी आकडे पडताळायचे असतील तर ‘खोलीपेक्षा किती वर’ हे बघावं. याला मी ‘चढ’ म्हणतो. खोली ३८, प्रोसेसर ७८, चढ ४०. पावसाळ्यात खोली २५ आणि प्रोसेसर ६५, तरी चढ ४०. म्हणजे कूलर तसाच आहे, काही बिघडलेलं नाही. चढ ५५ झाला तर मात्र उघडून ब्लोअर मारा.

पण मर्यादा खोलीकडे बघून हलत नाही. म्हणून खानापूरकरांचं ‘अंतर’ आणि माझा ‘चढ’, दोन्ही टिपणात हवेत. अंतर सांगतं धोका किती जवळ आहे, चढ सांगतो कूलर काम करतोय का.

शहापूर, बेळगाव (संगणक दुरुस्ती)

चढ चांगला आहे. आमच्या बोलीतले ‘तापायलंय’ आणि ‘तापलंय’ हेही टिपणात घ्या. मी गिऱ्हाइकाला हेच विचारतो. सुरू केल्यावर दोन मिनिटांत भराभर चढायलंय, की तासभर काम करून एका जागी थांबलंय? पहिल्यात कूलर नीट बसलेला नसतो किंवा पेस्ट सुकलेली असते. दुसऱ्यात पुष्कळदा काहीच नसतं. एका क्षणाच्या आकड्यात हे दिसत नाही.

चिक्कोडी

तिथेच ‘मॉनिटरिंग’ची फोड होते. नुसतं बघणं म्हणजे ‘लक्ष ठेवणं’, लिहून ठेवणं म्हणजे ‘नोंद घेणं’. ‘पाळत’ नको, ती माणसावर ठेवतात. ‘देखरेख’मध्ये सांभाळण्याची जबाबदारी येते, ती इथे नाही.

खानापूर

बरोबर. एचडब्ल्यूइन्फो सुरुवातीला दर २ सेकंदांनी वाचतो आणि किमान-कमाल आकडे शेजारी ठेवतो, फाइलमध्ये नोंदही करतो. वाचनाचा वेळ फार कमी करू नका. सारखं विचारत राहिलं की निवांत कोअर जागे होतात आणि तो प्रोग्रामच आकडा वर नेतो.

वडगाव, बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. मधला परिच्छेद आता असा केलाय:

‘आधी खोलीचं तापमान लिहून ठेवा. प्रोसेसरला अर्धा तास नेहमीचं काम द्या आणि पॅकेजच्या तापमानाची नोंद घ्या. त्यातून खोलीचं तापमान वजा केलं की चढ मिळतो. आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, आणि मर्यादेपासूनचं अंतर काढा. अंतर संपलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही तापमान वाढतच राहिलं तर मशीन बंद पडतं.’

‘आयडल’ (मशीन सुरू, पण काम नाही) अजून अडलाय. ‘निष्क्रिय’ लिहिलं तर बंद वाटतं.

अथणी

एक भर: २०२२ च्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जड कामात मुद्दाम ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे टिकतील असेच बनवलेत. त्यांना अंतर शून्य दिसलं म्हणून घाबरू नये, ही ओळ मर्यादेच्या वाक्यानंतर घाला.

निपाणी

‘आयडल’ला ‘रिकामा’. ‘प्रोसेसर रिकामा असताना’. आमच्या वखारीत हमाल रिकामा असतो तेव्हा तो हजर असतो, फक्त हातात काम नसतं.

चिक्कोडी

‘रिकामा’ला माझंही मत. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘सुरू पण रिकामा’ असं लिहा, पुढे नुसतं ‘रिकामा’ चालेल.