मदत हवी आहे: लघुग्रह खरा की नुसता ठिपका?
नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे. तिच्या गटाला लघुग्रह शोधमोहिमेत हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा मिळाल्यात, आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, थोड्या थोड्या अंतराने घेतलेल्या चार. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या संगणक प्रोग्रॅममध्ये त्या एकामागून एक फिरवल्या की तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह जवळपास सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतो. इथवर ठीक. पण फिकट ठिपका तीनच प्रतिमांत दिसला आणि चौथीत तेजस्वी ताऱ्याच्या झळाळीत हरवला, तर नोंदवायचा का? सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर (म्हणजे ठिपक्याचा प्रकाश मागच्या गोंगाटापेक्षा किती पट उठून दिसतो ते) किती असलं की तुम्ही विश्वास ठेवता? खराब पिक्सेलही हुबेहूब तसेच दिसतात, वैताग आहे नुसता! कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, शनिवारपर्यंत अहवाल पाठवायचाय.