विंडोज ११ च्या शेजारी लिनक्स टाकताना बूट पार्टिशनवर अडलोय, सल्ला हवा

कळफलक
नमस्कार मंडळी. ५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज ११ आहे. ८० जीबी मोकळे करून लिनक्स टाकायला बसलो, तर इन्स्टॉलर म्हणतो, बूट लोडरसाठी (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी) वेगळं पार्टिशन करा, 'राखीव बायोस बूट एरिया', किमान १ एमबी. पण सुरुवातीलाच १०० एमबीचं एक फॅट३२ पार्टिशन दिसतंय की! ते वापरू का नवीन करू? एका व्हिडिओत तर अख्खी डिस्कच एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) करा म्हणतात.

रिकामटेकडा
त्या व्हिडिओवाल्याच्या नादी लागू नका, विंडोजलाही मुकाल. युईएफआयमधून, म्हणजे संगणक सुरू करायच्या नव्या पद्धतीने, सुरू होणाऱ्या विंडोजला जीपीटी ही पार्टिशनची नवी मांडणीच लागते.

इन्स्टॉलर १ एमबी मागतोय, म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झालाय. एमबीआर डिस्कवर पहिल्या पार्टिशनच्या आधी थोडी मोकळी जागा असते, ग्रबचा (लिनक्सच्या बूट लोडरचा) गाभा तिथे जातो. जीपीटीत ती सोय नाही, म्हणून वेगळी मागतो. दिलीत तर लिनक्स बसेलही. पण ते लेगसीत आणि विंडोज युईएफआयमध्ये. ग्रबच्या यादीतून विंडोज उघडणार नाही, दर वेळी बायोसमध्ये जाऊन पद्धत बदलत बसा. (मी हे सहा महिने केलंय. हसू नका.)

पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह लिनक्समध्ये मूळ डिरेक्टरीतल्या 'सिस'मध्ये जा, तिथून 'फर्मवेअर'मध्ये. आत 'ईएफआय' दिसलं नाही तर लेगसीच. रीस्टार्ट करून बूट मेनू उघडा. बऱ्याचदा तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, 'युईएफआय' लिहिलेली ओळ निवडा.

उंबरठा
+१. ते १०० एमबीचं पार्टिशन म्हणजे ईएसपी, युईएफआयचे बूट लोडर ठेवायची जागा. दोन्ही सिस्टिम ते सुखाने वाटून घेतात, आत प्रत्येकीचं आपापलं फोल्डर असतं. फक्त फॉरमॅटच्या चौकोनात टिक नको! ती पडली की विंडोजचा बूट लोडर पुसला गेलाच.

जागेचं म्हणाल तर ग्रबला १०० एमबी पुरतात, कारण कर्नल (लिनक्सचा मुख्य भाग) लिनक्सच्या पार्टिशनवर राहतो. सिस्टिमडी-बूट या दुसऱ्या बूट लोडरवाली डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) असेल तर कर्नल सहसा ईएसपीतच जातो, मग दुसऱ्या कर्नलला जागा उरत नाही. तुम्ही कोणती घेताय?

आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. विंडोजला पूर्ण बंद होऊ न देणारं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येणार नाही.

कळफलक
ग्रबवालीच आहे. 'ईएफआय' खरंच नव्हतं! युईएफआयच्या ओळीने शिरलो, तर इन्स्टॉलरने त्या १ एमबीचं नावही काढलं नाही. पण इन्स्टॉल झाल्यावर थेट विंडोजच उघडतंय?

उंबरठा
बायोसमधल्या बूट क्रमात लिनक्सची नोंद वर घ्या.

कळफलक
घेतली. ग्रब आला, यादीत दोघंही आहेत. रिकामटेकडा, सहा महिने?!