घड्याळजी म्हणावं की घड्याळकार?

अनुवादू
एका मासिकासाठी अठराव्या शतकातल्या जिनिव्हावरचा लेख मराठीत करतोय. त्यात झाक-फ्रांस्वा दलूक (१६९८–१७८०) हा गृहस्थ आहे. धंदा घड्याळांचा, पण नाव झालं ते राजकारणामुळे. १७६२त तिथल्या सरकारने रूसोची पुस्तकं जाळली. पुढच्या वर्षी नागरिकांनी जमावाने जाऊन त्याविरुद्ध अर्ज दिले, त्यातल्या पुढाऱ्यांत हा होता. मी 'घड्याळजी दलूक' लिहिलं. मुद्रितशोधकांनी काट मारली: घड्याळजी दुरुस्त करतो, बनवत नाही, 'घड्याळकार' करा. हा शब्द कोणी कधी तोंडाने उच्चारलाय का?

पेठेतला पोपट
नाही, आणि उच्चारणारही नाही. कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार. तुमच्या शोधकांना एवढीच हौस असेल तर 'घड्याळार' करा म्हणावं.

भिंगवाली
माझे मामा घड्याळजी. डोळ्याला भिंग अडकवलेलं, वाटीत पेट्रोल, त्यात सुटी चाकं बुडवून ठेवलेली, आणि शिंकायचं असेल तर आम्ही पोरांनी रस्त्यावर जाऊन शिंकायचं. जन्मात एक घड्याळ बनवलं नाही, पण दुकानाची पाटी 'वॉच मेकर'! म्हणजे बनवणारा नि दुरुस्त करणारा हा घोळ इंग्रजीतही आहेच की. घड्याळजी ठेवा.

शब्दकिडा
घड्याळ म्हणजे मुळात तास वाजवायची धातूची थाळी. ती वाजवणारा तो घड्याळजी. यातला 'जी' आदराचा नाही. मशालजी, तोफची, खजिनची यांच्यातला तो तुर्की प्रत्यय आहे. तेव्हा बनवणे, दुरुस्त करणे दोन्ही नंतरचं.

पेठेतला पोपट
आमच्याकडे त्यांना 'घड्याळजीबुवा' म्हणत. आदर होता!

अनुवादू
त्यात आणखी गंमत म्हणजे त्या काळच्या जिनिव्हात एक माणूस अख्खं घड्याळ बनवतच नसे. डबी एकाची, कमान दुसऱ्याची, मिनाकारी तिसऱ्याची, नक्षी चौथ्याची. बरेच जण सँ-झेर्व्हे वस्तीत, उजेडासाठी घरांच्या वरच्या मजल्यांवर बसून काम करत. या सगळ्या पसाऱ्याला मिळून 'फाब्रिक' म्हणत. त्याचं मी 'कारखाना' केलं, तर वाचणाऱ्याला एक मोठी शेड नि भोंगा दिसतो.

जुना दप्तरी
का दिसावा? शिवकालीन अठरा कारखाने आठवा. जवाहीरखाना, पीलखाना, शरबतखाना. त्यांना कुठे भोंगा होता? शब्द रुंद होता, आपण तो चिंचोळा केला. 'कारखाना' बिनधास्त ठेवा.

भिंगवाली
पीलखान्यात हत्ती असतात हो, घड्याळं नाही.

अनुवादू
खरी अडचण पुढे आहे. जिनिव्हात माणसांच्या पायऱ्या होत्या. सर्वात वर 'सितोयां' नि 'बुर्झ्वा', यांनाच सर्वसाधारण सभेत मत. त्यांतही पंचवीस जणांच्या लहान मंडळात, म्हणजे प्रत्यक्ष सरकारात, बसायचा हक्क फक्त सितोयांचा. बाहेरून येऊन राहण्याची परवानगी मिळालेले 'आबितां'. त्या आबितांची शहरातच जन्मलेली पोरं-नातवंडं म्हणजे 'नातिफ', ज्यांना राजकीय हक्क शून्य. दलूक वरच्या पायरीवरचा. 'नातिफ'ला काय म्हणू? शब्दशः केलं तर 'स्थानिक', आणि ते सपशेल उलटं वाटतं.

ठाम मराठी
भूमिपुत्र. तिथेच जन्मलेले ना?

पेठेतला पोपट
भूमिपुत्र म्हटलं की 'आधी आम्हाला द्या' असं ऐकू येतं. यांना तर सगळ्यात शेवटी मिळत होतं. शिवाय मासिकाच्या संपादकांना पत्रं कोण उत्तरणार?

जुना दप्तरी
शब्द आपल्या गावगाड्यात तयार आहे. मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरा हक्क, गावात मान. उपरी नुसता कसणारा. आणि मिरास विकत घेता येई, मिरासपत्र करून. जिनिव्हातही पैसे भरून 'बुर्झ्वा' होता येत असे. बुर्झ्वा म्हणजे मिरासदार, नातिफ म्हणजे उपरी. याहून चपखल काय हवं?

शब्दकिडा
मिरास शेताशी बांधलेली आहे. इथे प्रश्न मताचा नि पदाचा. आणि उपरी म्हणजे बाहेरून आलेला. नातिफाचं दुखणंच हे की तो बाहेरून आलेला नाही.

जुना दप्तरी
इथे जन्मूनही ज्याला उपरी धरतात, त्याचं दुखणं 'उपरी' याच शब्दात येतं, 'स्थानिक'मध्ये येत नाही.

ठाम मराठी
मिरास अरबी आहे. मराठी शब्द सुचवा.

शब्दकिडा
मग दलूकने लहान मंडळाला काय दिलं? 'अर्ज' तर चालणार नाही, तोही अरबी.

ठाम मराठी
विनंतीपत्र.

अनुवादू
नाही चालणार. त्यावरून तिथे दोन पक्षच पडले होते. 'रप्रेझांतां' म्हणजे अर्ज करणारे, दलूकचे. 'नेगातिफ' म्हणजे अर्ज पुढे सभेत न नेता फेटाळायचा हक्क लहान मंडळाला आहे म्हणणारे. मी 'अर्जवाले' आणि 'नकारवाले' केलंय. 'विनंतीपत्रवाले' कसं दिसेल?

भिंगवाली
अर्जवाले-नकारवाले झकास. पण हे अर्जवाले त्या उपऱ्यांसाठी भांडत होते का?

अनुवादू
मुख्यतः स्वतःसाठी. १७६८च्या तडजोडीत अर्जवाल्यांच्या पदरात बऱ्यापैकी पडलं, नातिफांना थोडंफार. १७७०त नातिफांचा असंतोष दडपला, तेव्हा त्यांतले बरेच कारागीर सरहद्दीपलीकडे फ्रान्समधल्या फेर्ने गावी व्होल्तेरच्या आश्रयाला गेले. म्हाताऱ्याने त्यांना कामाला बसवलं आणि युरोपभरच्या बड्या लोकांना पत्रं लिहून त्यांची घड्याळं खपवली.

पेठेतला पोपट
म्हणजे व्होल्तेर घड्याळविक्या. यालाही शब्द लागेल आता.

जुना दप्तरी
दलूक या नावाचं काय? घराणं मूळचं इटलीतल्या लुक्का गावचं म्हणतात. मग सरळ 'लुक्काकर' झालं की!

शब्दकिडा
म्हणजे तुमचा मिरासदारही मूळचा उपरीच. काही पिढ्या आधी आला इतकंच.

जुना दप्तरी
मान्य, पण त्याच्याकडे मिरासपत्र होतं. मी तेच म्हणतोय.

भिंगवाली
आडनाव असं मराठी करायचं नसतं. उद्या रूसोचं काय कराल? त्याचा बापही घड्याळजीच होता.

ठाम मराठी
घड्याळकार.

अनुवादू
रूसोने दलूकच्या सचोटीची तारीफ केली आणि त्याच दमात तो कमालीचा कंटाळवाणा माणूस आहे असंही लिहिलं. त्यासाठी 'रटाळ' लिहू की 'पकाऊ'?

पेठेतला पोपट
पकाऊ! पकाऊच.

जुना दप्तरी
अठराव्या शतकात 'पकाऊ'? अहो, कीर्तनी शब्द वापरा. चऱ्हाट वळणारा.

शब्दकिडा
चऱ्हाट वळतात की लावतात?