गोधडीत गोल तुकडे जोडताना झालर येतेय, ब्लॉकही लहान होतोय. काय चुकतंय?

रानजाई:

नमस्कार मंडळी, बहिणीला मे महिन्यात बाळ होणारे, त्याच्यासाठी ४८ बाय ४८ इंचाची गोधडी शिवायला घेतलीय. आधी साध्या चौकोनांच्या दोन केल्यात, त्या छान झाल्या म्हणून या वेळी हिंमत करून ड्रंकर्ड्स पाथ घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चौकोनाच्या एका कोपऱ्यात भाकरीचा चतकोर ठेवल्यासारखा तुकडा असतो आणि उरलेल्या जागेत दुसरं कापड, आणि असे चौकोन (म्हणजे ब्लॉक) वेगवेगळ्या दिशांना फिरवून लावले की नागमोडी वाट तयार होते. चतकोर आईच्या जुन्या निळ्या सुती साडीचे आहेत आणि बाहेरचं कापड पांढरा मांजरपाट. सगळे एकमेकांना जोडून झाल्यावर प्रत्येक चौकोन ४ इंचाचा हवाय (जोडायच्या आधी साडेचारचा), म्हणजे असे १४४ लागणार.

मी एक व्हिडिओ बघितला त्यात त्या बाई दोन कापडं एकावर एक ठेवून कटरने एकाच फटक्यात वळण कापत होत्या आणि तेच तुकडे एकमेकांना जोडत होत्या, मस्त सपाट बसत होतं. म्हणून मी पण ६ इंच व्यासाचं डब्याचं झाकण घेतलं, त्याच्यावरून चतकोर कापले, आणि साडेचार इंचाच्या पांढऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यातून तेवढीच गोलाई कापून काढली. कापलेले तुकडे टेबलावर एकमेकांत ठेवले की अगदी बरोब्बर बसतात, केसाचाही फरक नाही! पण शिवले की पांढऱ्या कापडाला लाटा येतात, एका बाजूला चुण्या पडतात, आणि चौकोन साडेचारच्या जागी जेमतेम चार इंचाचा भरतो. पाच शिवले, पाचही तसेच. टाचण्या दोन लावल्या, मग सात लावल्या, काही फरक नाही. ३६ जोड्या कापून बसल्येय. मशीन साधी पायमशीन आहे. आईची साडी परत मिळणार नाही त्यामुळे आता कात्री लावायलाच भीती वाटतेय. कोणीतरी सांगा प्लीज.

शिवणकाकू:

अगं रानजाई, तुझा हात अजिबात चुकलेला नाही, कटिंग चुकलंय. टाचण्या शंभर लावल्यास तरी ते बसणार नाही.

साडेचारचा चार भरतो असं लिहिलंस ना, तिथेच कळलं. टेबलावर तुकडे बरोबर बसतात म्हणजे तू माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला ठेवायचं जास्तीचं कापड, सोडलीच नाहीस. सरळ चौकोनात ही चूक कळत नाही कारण सरळ रेषेला पाव इंच आत गेलं तरी लांबी तीच राहते. गोलाईत तसं नसतं गं. चतकोर ३ इंचाचा कापलास, त्यात पाव इंच आत टीप गेली की टीप पावणेतीन इंचाच्या गोलाईवर आली. पांढऱ्याला पण ३ इंचाची गोलाई, पण तिथे माया उलट्या बाजूला, म्हणून तिची टीप सव्वातीन इंचावर. आता लांबी काढ, पावणेतीनच्या पाव वर्तुळाची साधारण ४.३ इंच आणि सव्वातीनची ५.१. म्हणजे पांढरं कापड जवळपास पाऊण इंच जास्त झालं, आणि ते तू एवढ्याशा शिवणीत कोंबतेयस. त्याची झालर होणार नाही तर काय होणार?

कटोरी ब्लाउज शिवलायस का कधी? किंवा मुंढ्याला बाही लावलीयस? हे तेच काम आहे. कापलेल्या कडा कधीच सारख्या नसतात, नसायलाच हव्यात. जुळायला हवी ती टिपेची रेष. फरक एवढाच की ब्लाउजात आपण बाहीच्या गोलात मुद्दाम थोडं जास्त ठेवून ते जिरवतो, तिथे फुगीरपणा हवा असतो. गोधडी सपाट हवी, म्हणून दोन्ही टिपांच्या रेषा अगदी एका लांबीच्या.

आणि तुझ्या व्हिडिओतल्या बाई पण बरोबर आहेत, त्यांची वळणं नदीसारखी लांब आणि उथळ असणार. तिथे फरक इतका थोडा असतो की कापड तो पोटात घेतं. चतकोरात वळण पूर्ण ९० अंशाचं, तिथे नाही चालत.

आता उपाय. पांढरे तुकडे टाकू नकोस, सगळे वापरता येतील. फक्त निळे चतकोर नवीन काप, ३ ऐवजी साडेतीन इंच त्रिज्येचे. चतकोर ३॥ आणि पांढऱ्याची गोलाई ३, मध्ये अर्धा इंच फरक, म्हणजे दोन्हीकडची पाव-पाव इंच माया. मग दोघांचीही टीप सव्वातीनवर येते. पुठ्ठ्याचा नमुना दहा-बारा वेळात झिजतो, आणि १४४ चतकोर आहेत, तेव्हा घरात जुनी एक्स-रेची फिल्म असेल तर तिचा नमुना काप. आरपार दिसतं त्यामुळे साडीची चौकडी किंवा रेघ पण बघून ठेवता येते.

आधीच कापलेले लहान ३ इंची चतकोर ठेवून दे. त्यांना अडीच इंचाच्या गोलाईचा बाहेरचा तुकडा लागेल, ४ इंचाच्या चौकोनातून काप, शिवून साडेतीनचा ब्लॉक होतो. ३६ आहेत म्हणजे सहा ओळीत सहा, २१ इंचाची छोटी मांडीवरची गोधडी होते बघ. पाच शिवलेयस ते पण हलक्या हाताने उसव, चालतील.

रानजाई:

काकू!! मी आत्ता दोरा घेऊन खरंच मोजलं, टिपेच्या रेषेवर दोरा ठेवून. निळ्यावर सव्वाचारच्या थोडा पुढे आणि पांढऱ्यावर पाच इंचाच्या वर गेला. चार दिवस मी मशीनचं टेन्शन कमी-जास्त करत बसले होते. पांढरे वाचले हे ऐकून जीव भांड्यात पडला. दोन शंका आहेत अजून. कुठलं कापड वर ठेवायचं? आणि साडी फार मऊ झालीय, कापताना पसरते.

दुहेरी_टीप:

काकूंनी मुख्य ते सांगितलंय, मी फक्त मशीनवरचं सांगते. पांढरं म्हणजे पोकळ गोलाईचं कापड वर, चतकोर खाली. खाली मशीनचे दाते असतात, ते खालचं कापड जरा जास्त ओढून घेतात, आणि चतकोराची कड लांब असते त्यामुळे तिला खालीच ठेवलेलं बरं. वरचं पांढरं तुला डाव्या हाताच्या बोटांनी उघडत उघडत कडेला आणता येतं.

दोन्ही तुकडे अर्धे दुमडून मधोमध नखाने घडी पाड. घडीवर घडी ठेवून पहिली टाचणी तिथे, मग दोन टोकांना दोन. टोकाची सरळ बाजू एकदम काटकोनात जुळव, सगळे घोळ तिथेच होतात. मी तीनच टाचण्या लावते. सातांनी उलट कापड अडकून राहतं. टाका बारीक ठेव, दोन-तीन टाके झाले की सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा कापड दाबणारा फूट उचल, कापड सरकव, परत. सुरुवातीला एका ब्लॉकला पाच मिनिटं लागतील, लागू देत.

साडीला कापायच्या आधी खळ दे. घट्ट, कागदासारखी होईपर्यंत. चतकोराची सरळ बाजू उभ्या धाग्यात ठेवलीस तरी गोलाईच्या मध्यावर कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, येतंच, आणि जुनं सुती तिथेच ताणलं जातं. मांजरपाट नवीन असेल तर आधी गरम पाण्यातून काढलायस का? नसेल तर पहिल्या धुण्यात पांढरं आटेल आणि निळं तसंच राहील.

शिवणकाकू:

टाचण्यांचं माझं मत वेगळं आहे. पायमशीनवर पहिल्यांदा करतेय ती, तर पाच लाव, किंवा त्याहून बरं म्हणजे कच्चा धावदोरा घालून घे. माझ्या आईने कधी टाचणी वापरली नाही, सगळं कच्चं टाचून. पहिले वीस तसे कर, मग हाताला कळतं. आणि पांढऱ्याच्या गोलाईला कात्रीच्या टोकाने बारीक कट दे, मायेच्या निम्म्यापर्यंतच, टिपेपर्यंत नको. शिवल्यावर माया पांढऱ्याच्या बाजूला पाड, म्हणजे ते कट उघडतात आणि सपाट बसतं. हो, निळं खालून दिसेल थोडं, पण गोधडीत भरणी येते त्यामुळे कळत नाही. इस्त्री घासायची नाही हं, ठेवायची आणि उचलायची. घासलीस की उरेब गेलंच.

ओहायोकर:

उशिरा वाचतेय. मी इथे अमेरिकेत ओहायोमध्ये क्विल्टिंग, म्हणजे इकडची गोधडी, शिकले, माझ्या पहिल्या गोल ब्लॉकला अगदी हेच झालं होतं, फरक इतकाच की मला सांगायला कोणी काकू नव्हत्या. इथे दुकानात अॅक्रिलिकचे तयार नमुने जोडीनेच मिळतात, एक चतकोराचा आणि एक बाहेरचा, त्यामुळे अर्ध्या इंचाचं गणित कोणाला करावंच लागत नाही आणि मग घरच्या मापाचा ब्लॉक करायला घेतला की सगळेच अडतात.

तुझे रंग वाचून मात्र राहवलं नाही. निळं-पांढरं! या डिझाइनचा आणि त्या रंगांचा जुना संबंध आहे. दारूबंदीसाठी काम करणारी बायकांची मोठी संघटना, वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन, ती १८७४ मध्ये इथेच क्लीव्हलँडला स्थापन झाली. ड्रंकर्ड्स पाथ म्हणजे दारुड्याची वाट, झोकांड्या खात जाणारी, आणि निळ्या-पांढऱ्या रंगात ती त्या चळवळीशी जोडली गेली. त्या काळात बायकांना मत नव्हतं, नवरा पगार पिऊन आला तर घर कसं चालवायचं हा रोजचा प्रश्न, आणि हातात होती सुई.

आणि आपला धागा पण आहे त्यात. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि मग १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. या युनियनच्या अध्यक्ष फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा चांगला परिचय झाला. परतल्यावर त्यांनी मराठीत लिहिलेल्या प्रवासवर्णनात या बायकांच्या कामाबद्दल किती आपुलकीने लिहिलंय! मी ते वाचल्यापासून हा ब्लॉक शिवताना मला दर वेळी रमाबाई आठवतात.

रानजाई:

ओहायोकर ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. खरं सांगते, बहिणीच्या सासूबाईंनी डिझाइनचं नाव विचारलं, मी अर्थ सांगितला, आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या बाळाच्या अंगावर असलं नाव कशाला. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही.

ओहायोकर:

त्यांचं मन नको मोडूस, इथे पण जुन्या काळी लोक असं मानायचे, पोरांना या डिझाइनखाली झोपवायचे नाहीत. पण तुकडे तेच ठेवून मांडणी बदलली की नाव बदलतं. चार चतकोरांचे कोपरे मध्यभागी एकत्र आणलेस की पूर्ण गोल होतो. त्याच्याभोवतीचे चौकोन फिरवत गेलं की कड्याच्या आत कडं अशी एक मांडणी आहे, तिला लव्ह रिंग म्हणतात. जुनी आणि सर्वमान्य मांडणी आहे, कोणाला फसवलं असं होत नाही. मात्र तिच्यात काही चौकोन उलट्या रंगाचे लागतात, पांढरा चतकोर आणि बाहेर निळं. आईची साडी किती उरलीय ते आधी बघ. शिवायच्या आधी १६ चौकोन जमिनीवर मांडून सासूबाईंनाच फिरवायला दे. माझ्याकडे आईंनी एकदा दुपारभर तेच केलं, शेवटी त्यांचीच मांडणी शिवली.

रानजाई:

अपडेट देते. एक्स-रे फिल्म मिळाली, बाबांच्या गुडघ्याची! ३॥ चा नमुना कापला. साडीला तांदळाची खळ दिली, आता ती खरंच कागदासारखी वाजते. मांजरपाट शिवायच्या आधी धुतलेला होता. काल रात्री चार ब्लॉक केले, कच्चा धावदोरा घालून, पांढरं वर. पहिल्याला टोकाला एक चुणी आली कारण काटकोन जुळला नव्हता, उसवून परत केला. बाकी तीन सपाट. पट्टी ठेवली तर साडेचार, चारही बाजूंनी. मी नवऱ्याला उठवून दाखवलं.

लव्ह रिंगसाठी साडी मोजली. पदर सोडून पाच वार आहे, फाटलेला भाग वगळून, म्हणजे पुरेल. पदर मी मागच्या बाजूला अखंड लावणारे. रविवारी सासूबाई येताहेत, तोवर १६ तयार ठेवते. काकू, गोल तुकड्यांवर हाताचा धावदोरा आपल्या नेहमीच्या गोधडीसारखा कडेकडून आत चौकोनी घालायचा की गोलाईच्या बाजूने?

शिवणकाकू:

गोलाईच्या बाजूने. शिवणीपासून बोटभर सोडून पहिली ओळ, मग तेवढ्याच अंतरावर पुढची. पण सुरुवात गोधडीच्या मध्यातून कर आणि बाहेर जा, नाहीतर कापूस मध्ये गोळा होतो. बाहेरून आत चौकोनी घातलीस तर तुझी सगळी कडी कापली जातील. आणि ते उसवलेले पाच विसरू नकोस, त्यांचे निळे त्या लहान ३६ मध्येच येतात, पांढरे मोठ्यात.